पूजेला बसवलेलं मशीन

आईनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं, तरी मी दारातच उभी. आमचं घर आप्पांच्या वर्कशॉपच्या शेडमागं. आत जायचं तर लेथच्या कडेनंच जावं लागतं, आणि लेथपाशी रणजितदादा झेंडूची माळ बांधत पाठमोरा उभा होता. तो वळून बघतो का, याची मी वाट बघत होते.

"आत ये की, शर्मे. का पत्रिका छापू?" आप्पा खुर्चीतून म्हणाले.

दादानं माळेची गाठ मारली, दुसरी माळ उचलली. वळला नाही. पण वाटेतली झेंडूची पाटी त्यानं पायानं बाजूला सरकवली, आणि तेवढ्या जागेतून मी सात वर्षांनी माहेरच्या घरात शिरले.

सात वर्षांपूर्वी मी जातीबाहेर, माझ्या मनानं लग्न केलं होतं. आप्पा महिनाभर जेवले नाहीत नीट, मग हळूहळू निवळले. आई तर मनानं कधी तुटलीच नव्हती. पण दादाचा त्या वेळी साखरपुडा झाला होता. माझी बातमी कळल्यावर मुलीकडच्यांनी सरळ नारळ परत पाठवला. दादाला ती मुलगी मनापासून आवडली होती. त्यानंतर त्यानं दुसरी मुलगी बघितली नाही, कुणी विषय काढला तर लेथ चालू करायचा. मी बेळगावात संसार करत होते, आणि तो उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये पंपाचे शाफ्ट काढत एकटा म्हातारा होत होता. त्याचा राग खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

या सणाला मला बोलवायचं म्हणून आप्पांनी त्याच्याशी किती डोकेफोड केली असेल, ते तेच जाणोत. शेवटी दादा एवढंच म्हणाला होता, की येऊ दे एक सण, मी बोलणार न्हाई. आप्पांना तेवढं पुष्कळ झालं. फोनवर मला म्हणाले, "तू एकदा घरात पाय टाक. फुडचं मी बघतो."

आप्पांचं हृदय दोन वर्षांपासून थकलं होतं. डॉक्टरांच्या भाषेत पंपिंग कमी झालं होतं. सगळा जन्म पंपाचे भाग बनवण्यात गेलेल्या माणसाला हे ऐकून हसूच आलं. म्हणाले, माझाच पंप रिपेरीला आला म्हणा की. असं हृदय थकलं, की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, श्वास पुरत नाही. वेळीच कळलं तर गोळीनं किंवा एखाद्या इंजेक्शनानं निभावतं, उशीर झाला तर नाही. म्हणून दवाखान्यानं घरी एक मशीन दिलं होतं. डब्याएवढी पांढरी पेटी, तिला जोडलेला वजनकाटा आणि बोटाला लावायचा चिमटा. रोज सकाळी आप्पांनी काट्यावर उभं राहायचं, चिमट्यात बोट घालायचं. आकडे पेटीच्या काचेवर दिसायचे, मग एक हिरवा दिवा मिनिटभर लुकलुकायचा, आणि दिवा थांबला की आकडे दवाखान्यात पोचलेले असायचे. तिथं बसलेली सिस्टर ते बघायची. काही बिघडलेलं दिसलं तर फोन यायचा.

ते मशीन दादानं खटपट करून आणलं होतं. त्यासाठी स्वतंत्र बोर्ड बसवला, वरून फळी ठोकली. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा त्या पेटीनंच आप्पांना वाचवलं होतं. त्यांना स्वतःला काही जाणवायच्या आत सिस्टरचा फोन आला, दादानं त्यांना रिक्षात घालून नेलं, आणि दोन्ही वेळा ते ताजेतवाने होऊन परत आले. पेटीतून बाईचा आवाज यायचा, कृपया स्थिर उभे राहा. आप्पा तिला मास्तरीण म्हणायचे. आई म्हणायची, "जन्मात पयल्यांदा कुणीतरी ह्यांना गप उभं ऱ्हा म्हनतंय आन् हे ऐकत्यात."

तर मी आले तो दिवस खंडेनवमीचा. मशीनवाल्यांचा हा सगळ्यात मोठा सण. हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून पूजेला बसवायची, हळदकुंकू लावायचं, माळा घालायच्या, आणि मग दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला तेवढीच विश्रांती. त्या दिवशी उद्यमनगरात जी शांतता असते ती इतर कुठल्याच दिवशी नसते. लहानपणी मला ती शांतता आवडायची.

पाट मांडला होता त्यावर मापाचा व्हर्नियर, नटबोल्टचे पाने, ड्रिलची टोकं ओळीनं ठेवलेली. आणि त्या ओळीच्या टोकाला, कुंकवाचं बोट उमटलेली, झेंडूचं फूल वाहिलेली ती पांढरी पेटी. तिची वायर गुंडाळून शेजारी ठेवली होती.

मी विचारलं, की हे कशाला बंद केलंत?

"ते काय मशीन न्हवं?" आप्पा म्हणाले. "वरीसभर राबलंय बिचारं. उद्या सोनं वाटून झालं की लगेच चालू करू."

मी आईकडे बघितलं. आई तवा घासायला आत गेली. दादा म्हणाला, मला न विचारता कुणी काढलं ते, आणि पेटीकडे हात नेला. आप्पांनी त्याला थांबवलं. पूजेला बसवलेलं उठवायचं नसतं रे, म्हणाले, एका दिवसानं काय हुतंय. दादाचा हात तसाच थबकला. तो आप्पांच्या हाताखालीच शिकलेला. खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही हे त्याच्या अंगातच भिनलेलं. त्या हाताला पेटी उचलवली नाही, एवढंच.

थोड्या वेळानं दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, की आज आकडे आले नाहीत. फोन आईकडे होता. पूजेला बसवलंय, उद्या चालू करतो, असं आई म्हणाली. सिस्टर बरीच बडबडली असणार, कारण आई नुसती हो बाई, हो बाई करत होती. दादा ते सगळं ऐकत उभा होता.

आप्पा त्या दिवशी भलतेच खुशीत होते. खुर्चीतून मात्र उठत नव्हते, पायात मोजे घातले होते आणि बोलताना मधेच थांबत होते. फरशी गार लागते म्हणाले. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, तरी मला ते खरं वाटलं. सात वर्षांत माणूस म्हातारा होणारच की, असं मी मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष दादाकडे होतं.

आरतीच्या वेळी आप्पांनी मुद्दाम हळदकुंकवाची वाटी माझ्या हातात दिली आणि लेथला लाव म्हणाले. मी पुढं झाले. दादा शेजारीच निरंजन धरून उभा.

"लेथच्या चकला हात लावू नको," तो म्हणाला. "ग्रीस हाय. साडी खराब हुईल."

सात वर्षांतलं त्याचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. आप्पांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. लबाड पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मला इतकं रडू आलं, की आरती कुठल्या देवाची चाललीय तेही कळेना.

दसऱ्याच्या सकाळी आईनं पुरणाचा घाट घातला. मी वाटायला बसले. दादा चहा घ्यायला आत आला, कपबशी घेऊन तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. कधी नव्हे तो रेंगाळला. मग बशीकडे बघत म्हणाला, "भाऊबीजेला येणार हाईस का? का सासरी सण असतोय?"

मी म्हटलं, येते की. तो म्हणाला, बघ तुझं तू, आणि बाहेर गेला. मी धावत जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मान हलवली, आणि माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. हात गार होता. "झालं माझं काम," म्हणाले.

जेवायला ते आले नाहीत. ताट तिथंच आण म्हणाले. मी पुरणपोळी घेऊन गेले तर ते खुर्चीत पुढं वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते, तोंड उघडं, आणि हवा आत जातच नव्हती. दादानं त्यांना उचललं. गल्लीतल्या रिक्षाला हार घातला होता, तशाच रिक्षातून आम्ही निघालो. वाटेत सगळीकडे आपट्याची पानं विकायला बसलेली माणसं, मिरवणुकीची गर्दी. दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधीच आप्पांची मान माझ्या खांद्यावर पडली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं, मग बाहेर आले. हळू आवाजात विचारलं, की दोन दिवसांचे आकडे का नाहीत? पाणी फुप्फुसापर्यंत चढलंय, हे एकदम होत नाही, काल सकाळीच दिसलं असतं. काल आणलं असतं तर कदाचित वेळ मिळाला असता.

दादानं आईकडे बघितलं.

"मी बंद केलं," आई म्हणाली. "मीच कुंकू लावून पूजेला बसवलं. ह्यांनी नगं म्हटलं हुतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आदल्या दिवशी आप्पांनीच दादाला थांबवलं होतं, हे मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, पेटी बंद करणं आईचं, आणि आप्पांनी नुसती तिची बाजू सावरली असेल. त्यांची तशी सवयच होती.

दादा बोलला तो घरी आल्यावर. चार माणसं बसलेली असताना म्हणाला, "दोनदा त्या मशीननं वाचवलं. तिसऱ्यांदा हिनं मारलं. फुलं वाहून मारलं." कुणीतरी त्याला आवरलं. आई भिंतीला पाठ लावून बसली होती, तिनं मान वर केली नाही.

त्या दिवसापासून दादा तिच्या हातचं जेवेना. दुःखाच्या घरात शेजारचे डबे आणतात, ते संपल्यावर तो कोपऱ्यावरच्या खानावळीत जायला लागला. आई रोज त्याचं ताट वाढायची, झाकून ठेवायची, संध्याकाळी गाईला घालायची. मी त्याला समजवायला गेले, तर माझ्याशी तो नीट बोलला. हेच मला सोसवत नव्हतं. माझ्याशी सात वर्षं न बोललेला माणूस आता माझ्याशीच तेवढं बोलत होता. एकदा तर म्हणाला, "तू आलीस म्हणून तरी त्यांचा शेवटचा दिवस चांगला गेला."

सुतकात पूजा कुणी उचलली नाही. लेथवरची माळ सुकून काळी पडली, व्हर्नियरवर धूळ बसली. तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले, आणि दादा शेड आवरायला लागला. दवाखान्याचं मशीन परत करायचं होतं. देण्याआधी चालतंय का बघून घ्या, असा त्यांचा निरोप होता. मी पेटी आत आणली, ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, वायर बोर्डात खुपसली आणि बटण दाबलं. काच उजळली. बाई बोलली नाही, पण हिरवा दिवा लुकलुकायला लागला. कुणी काट्यावर उभं नाही, चिमट्यात बोट नाही, तरी दिवा आपला लुकलुकतोय. मग थांबला.

थोड्याच वेळात आईचा फोन वाजला. मी उचलला. आवाज नवीन होता, बहुतेक कामावर नवीनच लागलेली मुलगी असावी.

"आनंदा मेस्त्रींच्या घरून बोलताय ना? काकांचं ऑक्सिजन खूप कमी दाखवतंय, वजन पण एकदम वाढलंय. त्यांना झोपवू नका, बसवून ठेवा आणि लगेच घेऊन या. मी इकडे खाट तयार ठेवायला सांगते."

मला क्षणभर असं वाटलं, की जावं, रिक्षा आणावी. खरंच असं वाटलं. मग मी तिला सांगितलं, की ते गेले. ती गडबडली, माफी मागायला लागली, कीबोर्डचा आवाज आला. म्हणाली, "थांबा हं, हे आजचं नाहीये. मशीनमध्ये अडकलेलं रीडिंग आत्ता आलंय. नवमीच्या सकाळचं आहे. पाठवता पाठवता कुणीतरी वायर काढली असणार."

फोन ठेवून मी आत गेले. आई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सुपातले खडे बाजूला काढायचं काही थांबवलं नाही.

मी विचारलं, "नवमीला आप्पा काट्यावर उभे राहिले होते?"

आईनं सूप एकदा हलवलं. मग म्हणाली, "पाटेच पाय सुजून टम्म झालतं. दम लागला हुता. उठलं, काट्यावर उभं ऱ्हायलं, बोट घातलं. आकडं बघितलं आन् म्हनलं, आता मास्तरीण बोंब मारनार. मी म्हनलं, मारू द्या, जाऊया की, पोरगी दवाखान्यात येऊन भेटंल. तर दिवा लुकलुकतोय तवर त्यांनी वायरच वडली."

"का?"

"का म्हंजे? दवाखान्यात बापाला भेटायला कुनीबी येतंय. त्यात घरात येनं कुठं आलं?" ती म्हणाली. "मला म्हनलं, मालन, रणजितनं एका सणापुरतं हो म्हटलंय. आज मी खाटेवर पडलो तर ती दवाखान्यातनंच परत जाईल, आन् परत हे पोरगं हो म्हननार न्हाई. तिला एकदा घरात येऊ दे, मग मला कुठंबी न्या. मोजं मागितलं. पेटी पुजेत ठिवली. मला म्हनलं कुंकू लाव, म्हंजे कुनी हात लावनार न्हाई."

मी तिच्यासमोर बसले. विचारलं, की मग दवाखान्यात सगळं स्वतःवर का घेतलंस, दादा तुला इतकं टाकून बोलतो, तुझ्या हातचा घास घेत नाही.

"आईवर रागावलेलं पोरगं जाऊन जाऊन जातंय कुठं?" ती म्हणाली. "येईल महिन्याभरानं, न्हाईतर वर्षानं. पर त्याला खरं कळलं तर राग तुझ्यावर जाईल. तुझ्यापायी लगीन गेलं, आन् तुझ्यापायी बाप गेला म्हनंल. मग ते दार काय उघडनार न्हाई. तू बोलू नगंस. माझं मी बघते."

ती पुन्हा तांदळाकडे वळली. तिच्या शेजारी दादाचं ताट झाकून ठेवलं होतं. मी त्या ताटाकडे बघत राहिले. आपल्यासाठी बाप गेला आणि आता आई रोज थोडी थोडी जाणार, हे मला पाहवलं नाही. मी उठले आणि शेडमध्ये गेले.

दादा लेथवरची माळ काढत होता. मी त्याला सगळं सांगितलं. फोनपासून वायरीपर्यंत, काही वगळलं नाही. तो माझ्याकडे न बघता ऐकत होता. सुकलेली फुलं हातात चुरली जात होती, तेवढंच. माझं सांगून झालं. त्यानं फुलं पाटीत टाकली, हात पुसले.

"शेवटची गाडी कितीला हाय तुझी?" तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत तो घरात गेला. मी मागोमाग गेले तर तो चुलीसमोर मांडी घालून बसला होता. म्हणाला, "आई, वाढ." आईनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. तिला सगळं कळलं. तिनं ताटावरचं झाकण काढलं, आमटी गरम केली, वाढली. तो खाली मान घालून जेवत होता आणि त्याचे डोळे गळत होते. आईनं पाठीवर हात ठेवला तर त्यानं तो झटकला नाही. मला वाटलं, मी बरोबर केलं.

मी पिशवी भरली. आई मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. आता ती मला जवळ घेईल, म्हणेल, मोकळं केलंस गं बाई मला. मी वाटच बघत होते. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"त्यांनी जीव दिला आन् तुझ्यासाठी हे दार उघडलं," ती म्हणाली. "मी नुस्ती बोलनी खाऊन ते उघडं ठिवनार हुते. माझ्या माणसासाठी मला करण्यासारखं तेवढंच उरलं हुतं. तेवढंबी तू करू दिलं न्हाईस, शर्मे."

मग ती वळली आणि आत गेली, कारण दादाला भात वाढायचा राहिला होता.

भाऊबीजेला मी बेळगावात ओवाळणीचं ताट करून संध्याकाळपर्यंत दादाची वाट बघत बसले. नंतरच्या वर्षी केलं नाही.

आईचा फोन येतो. दादा शेडमध्ये असला की ती करते. मी विचारते, आज काय केलंस, आणि ती सगळं सांगते. वांग्याची भाजी केली, दादानं दोन भाकरी खाल्ल्या, ताक मागून घेतलं. तिचा आवाज बरा असतो. मी ऐकत राहते. सगळं सांगून झालं की ती जरा थांबते. मीही थांबते. मग ठेवते म्हणते. ये असं म्हणत नाही.